उधाणला अर्धा किलो

एक

“दर वेळेला पंच म्हणून मीच सापडतो बरा,” इस्त्रीवाले काका पुटपुटले. “रविवारचं मटण नवाच्या आत घेतलं तर घेतलं. नंतर नुसती हाडं.”

त्यांचं तोंड आणि सहायक पोलीस निरीक्षक भावना मढवींचा कान यांच्यात जेमतेम वीतभर अंतर होतं. दोघं दाराच्या चौकटीत अंग चोरून उभी होती, कारण आत पाय टाकायला कोरडी जागा नव्हती. भावनाला राग आला नाही. तीसुद्धा घरी कणीक मळून, ताट झाकून आली होती.

“काका, नजर आत ठेवा,” ती म्हणाली. “आणि हाडांचं नाव काढू नका.”

आत चाकांच्या खुर्चीत यज्ञेश केणे बसला होता. वय सत्तावीस. कपाळ टेबलाला टेकलेलं, दमून डुलकी लागावी तसं. मागून पाहिलं की मात्र डुलकीबिलकी सगळं मनातून उडून जाई. डोक्याचा मागचा भाग चेचून खोलगट झाला होता. रक्त पाठीवरून खुर्चीत आणि खुर्चीतून फरशीवर उतरून काळं पडलं होतं. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून पोराने तीन भिंतींना जुन्या गाद्या ठोकल्या होत्या. त्यांवर शिंतोडे पार छतापर्यंत गेले होते. कॉम्प्युटरचं खोकं फोडून त्याची आतडी बाहेर काढलेली, पडद्याचे तीन तुकडे. फोन मात्र पँटच्या खिशात जसाच्या तसा.

चौथ्या भिंतीला गादी नव्हती. तिथे दोन खिळे होते, आणि खिळ्यांच्या मध्ये दोन हात लांबीचा फिकट पट्टा. तिथे काहीतरी बरीच वर्षं टांगलेलं होतं आणि आता नव्हतं.

“कोण होता हा?” भावनाने विचारलं.

हवालदार त्र्यंबकचे डोळे विस्फारले. “मॅडम, हा यज्ञेश! ‘खेळाचं वजन’वाला! बाजारात नवीन गेम आला की आख्खा महाराष्ट्र याच्या तोंडाकडे बघतो. हा आधी खेळतो, मग तोलतो. पाच किलोपैकी किती किलो ते सांगतो.”

“आणि कमी तोललं तर?”

“तर समोरच्याचा बाजार उठतो.”

इमारत ठाकुर्लीच्या जुन्या गावातली, केण्यांची स्वतःची. शेतं गेली आणि त्या जागी चारमजली इमारती आल्या, त्यांतली ही. खोली गच्चीवर होती. बाहेर गच्चीत घरची तीन म्हातारी माणसं बसली होती. बाप दामाजी, त्याचा उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता, टॉवेल खांद्यावर टाकायलासुद्धा बहिणीची मदत लागत होती. त्याचा धाकटा भाऊ भिवा, गळ्यात जाड साखळी, गावात शब्दाला मान. आणि दोघांची थोरली बहीण आवडाबाई. यज्ञेशची आई लवकर गेली तेव्हा त्याला वाढवलं ते या आत्याने, आणि सकाळी सातला चहा घेऊन वर येऊन त्याला असं पाहिलं तेही तिनेच.

आवडाबाई तांब्याच्या बंबापाशी उकिडवी बसून लाकूड सारत होती. बंबाला सणसणीत धग होती, ज्वाळा पिवळ्याधमक.

“किती वेळ बसला होता तो वर, आत्या?” भावनाने शेजारी बसत विचारलं.

“काल चारला सगल्यांना टीवीवर दाकवलान,” आवडाबाई बंबाकडे बघत म्हणाली. “काय बी बोलाचा जाला का आदी आमाला दाकवाचा, मंग दुनियेला. मंग वर आला. रातीला जेवाला आला नाय. तसा पुस्कल वेला नाय यायचा. काम करतंय बोलून आमी हाक नाय मारली.”

“काय दाखवलं काल?”

आवडाबाईने सारायला आणखी एक लाकूड उचललं.

तेवढ्यात त्र्यंबकच्या खिशातून आवाज आला. त्याने फोन काढला आणि सगळ्यांना दिसेल असा समोर धरला. दहा वाजले होते. पडद्यावर यज्ञेश हसत होता.

“राम राम मंडळी! चला, खेळ तराजूत टाकूया.”

आवडाबाईच्या हातातलं लाकूड खाली पडलं. दामाजीने डोळे मिटले. भिवा मात्र ताडकन उभा राहिला आणि फोनकडे नाही, खोलीच्या दाराकडे बघत ओरडला, “यो कसा बोलतंय? मशीन तर फुटलाय!”

दोन

व्हिडिओ अकरा मिनिटांचा होता. लोकांनी शेवटचं अर्धं मिनिट पाहिलं.

नौपाड्यातल्या एका कंपनीने तीन वर्षं खपून ‘उधाण’ नावाचा मराठी गेम काढला होता. खाडीकाठचा नायक, भावाच्या खुनाचा बदला, तीनशे मुडदे. यज्ञेशने त्याला पाच किलोपैकी अर्धा किलो दिला होता. मेलेल्या माणसाने दिलेले गुण म्हटल्यावर तर ते वणव्यासारखे पसरले. आणि त्याबरोबर पसरली दुसरी एक चित्रफीत. तिच्यात नयन भंडारी नावाचा कल्याणचा पोरगा, हाही गेम तोलणाराच, कॅमेऱ्यात बोट नाचवून सांगत होता, “यज्ञ्या, उधाणला हात लावलास ना, तर घरात घुसून मारीन!”

शनिवारी सव्वापाचला नयन केण्यांच्या जिन्यावर चढताना आणि चार मिनिटांत धावत उतरताना समोरच्या किराणावाल्याच्या कॅमेऱ्यात दिसत होता. रविवारी साडेअकराला ठाकुर्ली स्टेशनबाहेर पोरांनी त्याला पकडलं. पोलीस पोचेपर्यंत दहा मिनिटं गेली. दहा मिनिटांत वीस माणसं एका माणसाचं काय करू शकतात, ते भावनाला कल्याणच्या दवाखान्यात बघायला मिळालं. डावा डोळा सुजून बंद, तीन फासळ्या गेलेल्या, खालचा ओठ टाके घालून परत चेहऱ्याला जोडलेला. उजव्या हाताची बोटं कोणीतरी बुटाने चिरडली होती, एकेक करून, सावकाश.

“खेळायची बोटं बोलले,” नयन त्या ओठातून म्हणाला. “बोलले, आता खेळ.”

“काल का गेलेलास?”

“भांडण ठरवायला.”

“काय?”

“आमचं भांडण खोटं होतं, मॅडम. दोस्त होतो आम्ही. त्याने कमी तोलायचं, मी जास्त तोलायचं, मग एकमेकांना शिव्या द्यायच्या. पब्लिकला तेच आवडतं. ती धमकी पण त्यानेच लिहून दिलेली.” तो हसायला गेला आणि कळवळला. “चारला फोन आलेला त्याचा. बोलला, ये, पुढच्या आठवड्याच्या शिव्या ठरवू. मी गेलो. दार उघडं. खालूनच फोन लावलेला मी, तर तो त्याच्या खिशात वाजत होता. आणि तो… मला वाटलं, मस्करी करतोय. जवळ जाऊन खांदा हलवला मी.”

 चांगल्या डोळ्यातून पाणी कानाकडे ओघळलं.

“पळालास का?”

“भ्यालो. दुसरं काय?”

भावनाने चादर त्याच्या छातीपर्यंत ओढली. “दहा वाजता तो व्हिडिओ कसा आला रे? कॉम्प्युटर तर फोडलेला.”

“कॉम्प्युटरचा काय संबंध? तो शनिवारी दुपारीच वर चढवून ठेवलेला. वेळ लावून. दहा वाजले की आपोआप सुटतो.” त्याने तिच्याकडे जरा कीव करत पाहिलं, जशी पोरं आईबापांकडे पाहतात. “थांबवायचा असता तर त्याच्या फोनवरून थांबवायचा. त्याच्या अंगठ्याने उघडतो फोन. अर्ध्या मिनिटाचं काम.”

बाहेर आल्यावर शवचिकित्सेच्या डॉक्टरांचा फोन आला. “सात घाव आहेत, मॅडम. मागे उभं राहून, दोन्ही हातांनी डोक्याच्या वर उचलून हाणलेले. जड, रुंद लाकूड. पण एक विचित्र आहे. प्रत्येक जखमेची कड मागच्या बाजूला फाटलीये. म्हणजे मारल्यावर त्याने दर वेळी ते लाकूड स्वतःकडे ओढलंय. उचलायचं सोडून असं ओढेल कोण, आणि कशाला?”

 तेवढ्यात त्र्यंबक बातमी घेऊन आला.

“गावात सभा झाली. भिवाशेठ बोलले, उद्या दुपारी पोराला अग्नी देऊ, आणि स्मशानातून घरी नाही जायचं. सरळ या दवाखान्यात यायचं. दोनशे पोरं आहेत, मॅडम. आपण आठ.”

तीन

भावना दवाखान्याच्या बाकावर बसून व्हिडिओ पाहायला लागली. पहिल्यापासून शेवटपर्यंत, तीनदा. एवढं तोवर व्हिडिओ उघडलेल्या चार लाखांतल्या कोणी केलं असेल असं तिला वाटलं नाही.

“तीनशे माणसं मारली मी यात,” यज्ञेश सांगत होता, “एकाचं पण वजन हाताला लागलं नाय. तलवार मारतो का फुगा फोडतो तेच कळत नाय. माणूस पडतो, गायब होतो, त्याच्या जागी नाणं येतं. अरे, माणूस मेला की एवढी साफ जागा होत नाय रे कधी. कोणतरी रडतं, कोणतरी पुसतं, कोणतरी खोटं बोलतं. ते कुठाय?”

भावना स्वतःशीच हसली. पंचवीस वर्षांच्या नोकरीत खुनाबद्दल इतकं शहाणं वाक्य तिने साहेबलोकांकडून ऐकलं नव्हतं.

“तरी अर्धा किलो देतो. एका जागेला. चौथी लेव्हल, मिठागर. चारजण मिळून एका मजुराला मारतात. आता कॅमेरा बघा. आख्ख्या गेममध्ये तो डोक्यावर असतो, इथे कमरेच्या खाली आलाय. मिठाच्या ढिगामागे कोणतरी बसून बघतंय. आणि मारणारा बघा. हाणतो, आणि स्वतःकडे ओढतो. हाणतो, ओढतो. हे कोणाला सुचत नाय, मंडळी. हे बघायला लागतं. ज्याने हे काढलंय त्याने हे बघितलंय. मला कसं माहीत? ते गुरुवारी सांगतो. तोपर्यंत वजनात राहा.”

भावनाचा चहा गार झाला.

हाणतो, ओढतो. तिला बाप आठवला. मढवीही मिठागरातच राबलेले. पाणी सोडायच्या आधी आगराची जमीन ठोकून घट्ट करायची असते. त्याला लांब दांड्याचं जड फळकूट, चोपणं. ओल्या गाळावर चोपणं आदळलं की ते चिकटतं. सरळ वर उचललं तर गाळ घेऊन येतं, केलेलं काम वाया. म्हणून आदळलं की आधी आपल्याकडे ओढायचं आणि मग उचलायचं. बाप म्हातारपणी काठीने साप मारायचा तेव्हासुद्धा ओढायचा, आणि आई हसायची.

नौपाड्यात ‘उधाण’च्या ऑफिसात रविवार असून माणसं होती. मालक सुश्रुत आठल्ये, चाळिशीचा, दाढीवाला, डोळे सुजलेले.

“वाईट झालं, फार वाईट,” तो म्हणाला. मग त्याला राहवेना. “पण अर्धा किलो, मॅडम? तीन वर्षं! आईशप्पथ, एक किलो तरी द्यायचा!”

“काल पाच वाजता कुठे होता?”

“इथेच. खाली हॉलमध्ये कार्यक्रम होता. सत्तर माणसं. दुपारी तीनपासून मी माइक सोडला नाही, बायको अजून बोलत नाहीये.”

“चौथी लेव्हल कोणी केली?”

“दर्शनने. दर्शन म्हात्रे. हुशार आहे, हट्टी आहे. मी म्हटलं, गेममध्ये कोंबडीलासुद्धा नाव आहे, त्या मजुराला काहीतरी नाव दे. शेवटपर्यंत दिलं नाही. नुसतं ‘मजूर’.”

दर्शन कोपऱ्यात बसला होता. यज्ञेशच्याच वयाचा, यज्ञेशच्याच गावचा. शनिवारभर तो सुश्रुतच्या शेजारी कॉम्प्युटर सांभाळत होता, हे सत्तर माणसांनी पाहिलेलं. भावनाने खुर्ची ओढली.

“तू किती उंच होतास रे तेव्हा?” तिने विचारलं.

दर्शनचा चेहरा पांढरा पडला.  त्याने बसल्या जागीच हात डोक्याच्या उंचीला आणला, मग थोडा खाली.

“आठनऊ वर्षांचा. ढिगामागे एकटाच?”

त्याने दोन बोटं वर केली. एक बोट मिटलं, आणि उरलेल्याकडे बघत तो हमसाहमशी रडायला लागला.

“आम्ही कधी बोललो नाही एकमेकांशी त्याच्यावर,” तो म्हणाला. “अठरा वर्षं. क्रिकेट खेळलो, शाळेत गेलो. कधीच नाही. मी ते गेममध्ये टाकलं, तिथे कोणाला कळेल? त्याने खेळलं आणि त्याला कळलं.”

“कोण होता तो मजूर? मारणारे कोण?”

दर्शनने नाक पुसलं. दाराकडे पाहिलं. मग अगदी हळू म्हणाला, “मॅडम, माझी आई अजून त्याच गावात राहते.”

चार

सोमवारी सकाळी भावनाने आरशासमोर केस विंचरताना स्वतःला सगळं एकदा सांगून पाहिलं.

यज्ञेशला मारणाऱ्याला गुरुवारचा व्हिडिओ होऊ द्यायचा नव्हता. आणि रविवारचाही अडवायचा होता, म्हणून त्याने कॉम्प्युटर फोडला. त्याच्या हिशेबी व्हिडिओ त्या खोक्यात होता, जसे दागिने पेटीत असतात. नयन, सुश्रुत, दर्शन यांच्यातला कोणीही त्या खोक्याला हात लावता ना. मेलेल्याचा अंगठा फोनला लावून मोकळा झाला असता. म्हणजे मारणारा जुन्या पिढीचा.

त्याच्या हाताला चोपण्याची सवय. मिठागरं बंद होऊन इतकी वर्षं झाली की गावात ती सवय चाळिशीच्या आतल्या कोणालाही असणं शक्य नव्हतं.

आणि शनिवारी पाचच्या आत त्याला माहीत होतं की व्हिडिओत काय आहे. पाचच्या आत तो पाहिला होता तिघांनी. घरच्या टीव्हीवर.

इथवर आल्यावर फणी केसांत अडकली ती अडकलीच.

दुपारी बाराला ती केण्यांच्या घरी पोचली. देह आणलेला होता. खाली अंगणात बायका बसल्या होत्या, रस्त्यावर पोरं. पोरांच्या हातांत हॉकीच्या काठ्या, एकाकडे सायकलची साखळी. सुतकात खेळायला निघाली नव्हती ती. बाजूने जाताना कोणीतरी मोठ्याने म्हणालं, “पोलिसांना त्या नयनची लई कदर!”

गच्चीवर बंब थंड पडला होता. शेजारी सौरऊर्जेची टाकी उन्हात चकाकत होती, दोनशे लिटरची, बाराही महिने गरम पाणी देणारी. भावना बंबासमोर बसली. काल तिने पाहिलं होतं आणि तिच्या डोक्यात शिरलं नव्हतं, आणि आगऱ्याच्या घरात वाढून शिरलं नव्हतं याची तिला लाज वाटली. मढं घरात असताना अंघोळीचं पाणी कोण तापवतं? माणसं स्मशानातून परतायच्या वेळी चूल पेटते, त्याआधी नाही. काल सकाळी नऊला या घरात अंघोळ कोणाला करायची होती?

आणि ती पिवळीधमक ज्वाळा. वर्षानुवर्षं मीठ प्यालेलं लाकूड तसंच जळतं. लहानपणी त्यांच्या चुलीत मोडकं चोपणं गेलं की पोरं टाळ्या पिटत.

तिने बाही मागे सारून राखेत हात घातला. कोपरापर्यंत काळी झाल्यावर बोटांना काहीतरी गार, गोल लागलं. चोपण्याचा दांडा फुटू नये म्हणून बसवतात ते लोखंडी कडं.

“वर बोलवा तिघांना,” ती त्र्यंबकला म्हणाली.

पाच

तिघं आली. खाली कोणीतरी ओरडलं, “भिवाशेठ, उचलायची वेळ झाली!” भिवा कठड्यावरून म्हणाला, “आलो रे, पाच मिनिट.” आणि भावनाकडे वळला. “मॅडम, पोराला मार्गी लावू द्या. मंग काय ती चौकशी करा.”

भावनाने रुमाल उघडून कडं कठड्यावर ठेवलं.

“यज्ञेशच्या भिंतीवर चोपणं टांगलेलं असायचं,” ती म्हणाली. “त्याच्या प्रत्येक व्हिडिओत मागे दिसतं. कालच्यातसुद्धा. तेच उचलून त्याच्या डोक्यात सात वेळा घातलं. सात वेळा ओढून घेतलं. हात विसरत नाही ना, दामाजीभाऊ?”

दामाजी खाली बघत होता.

“तुमच्याकडे मी कालपासून बघतेय. तुमचा हात खांद्याच्या वर जात नाही. डोक्यावरून चोपणं तुम्ही उचलू शकत नाही. आत्या उचलतील, पण त्या मिठागरात मीठ वाहायच्या, चोपायच्या नाहीत. बायकांना चोपणं देत नसत. माझ्या आईलाही कधी दिलं नाही.” ती वळली. “काल दहा वाजता व्हिडिओ सुरू झाला तेव्हा सगळे फोनकडे बघत होते, भिवाशेठ. एक तुम्ही खोलीकडे बघत होता. तुम्हाला वाटलं होतं तो आवाज तुम्ही फोडून टाकलाय.”

“काय पन बोलतंय ही!” भिवा हसला, पण हसू दातांतच राहिलं. “आवडा बोलली मला मशीन फुटलाय. मी कशाला मारन? माजा पुतन्या तो. खांद्यावर खेलवलाय मी.”

“म्हणूनच त्याची पाठ तुमच्याकडे होती. परक्याला पाठ करून कोणी बसत नाही.”

“पन का? का मारन?”

“अठरा वर्षांपूर्वी मिठागरात एका मजुराला तुमच्यासह चौघांनी मारलं. यज्ञेशने ते पाहिलं होतं. गुरुवारी सांगणार होता.”

 भिवा एक पाऊल पुढे आला. त्याचे डोळे बारीक झाले.

“कोनचा मजूर?” तो हळू म्हणाला. “नाव सांग ना. कागद दाव. कोन मेला, कवा मेला, कोनी तकरार केली? गावात फिर. घराघरात इचार. एक मानूस सांगाचा नाय तुला. असा कोन नवताच.”

गावात कोणी सांगणार नाही, हे तो खरंच बोलत होता. कडं होतं, जखमा होत्या. पण मेलेल्याला नावच नव्हतं. गेममध्येसुद्धा नव्हतं. आणि खाली दोनशे पोरं काठ्या आपटत होती, आणि कल्याणला एक पोरगा चिरडलेली बोटं छातीवर ठेवून दाराकडे बघत पडला होता.

“दामाजीभाऊ,” ती म्हणाली. “तुमचा मुलगा खाली झाकून ठेवलाय.”

दामाजीचं तोंड उघडलं. ओठ हलले. आवाज आला नाही. भिवा त्याच्याकडे नुसता बघत होता, आणि भावाच्या नजरेखाली ते तोंड पुन्हा मिटलं. भावनाने पुष्कळ मारझोड पाहिली होती. पण त्या तोंडाचं ते मिटणं तिला बघवेना.

“बंब मी पेटवला,” आवडाबाई म्हणाली.

“आवडा, गप ऱ्हा,” भिवा म्हणाला.

“मला कोनी सांगलं नवतं. सकालचा च्या घेऊन आली. पोराला बगितला. भिंत बगितली. चोपना लाकडांच्या खाली खुपसलेला, त्याला पोराचं केस चिकटलेलं. मी काय केला, पोरी? बोंब नाय मारली. आदी चोपना जालला. मंग बोंब मारली.” तिने आपल्या हातांकडे पाहिलं. “झाकाची अठरा वर्सांची सवय. हातालाच सवय लागते असा थोरीच हाय.”

“आवडे!”

“मारतंस काय मला? मार. चोपना ऱ्हायला नाय.”

ती उठली. गुडघ्यांवर हात देऊन, हळूहळू. कठड्याशी गेली. खाली पोरांनी वर पाहिलं आणि एकेक करून गप्प झाली. गावातल्या अर्ध्या पोरांच्या नाळी तिच्यासमोर कापल्या होत्या.

“काठ्या टाका,” ती म्हणाली. तिचा आवाज मोठा नव्हता, पण गल्ली अरुंद होती. “नयनचा काय नाय यात. यज्ञेसला भिवानं मारला. माज्या सख्ख्या भावानं.”

खाली एक बाई किंचाळली. भिवा पुढे झेपावला. त्र्यंबकने त्याला कमरेला धरून भिंतीशी दाबला. आवडाबाईने मागे वळूनही पाहिलं नाही.

“का मारला ते बी आयका. माज्या सोन्याच्या पाटल्या गेल्या तवा. आठवतंय ना? तुमच्या बापांना आठवतंय. ते मान खाली घालून उबे हाएत बगा. मी बोल्ली, त्या मिठागरातल्या पोऱ्यानं चोरल्या. मी नाव घेतला. तिसऱ्या दिसाला पाटल्या माज्याच पेटीत गावल्या, लुगड्याच्या घडीत. तवर आमी त्याला मिठागराच्या गालात पुरलेला. पाटल्या मी परत हातात घातल्या नाय, आनि कोनी इचारला बी नाय का गो नाय घालत. त्याची आई आली जव्हारशी, दोन येला. माज्या वट्यावर बसून पानी प्याली. मी बोल्ली, पोऱ्या पलाला, बाय. गाव बोल्ला, पलाला.”

तिने पदराने तोंड पुसलं. भावना तिच्या शेजारी जाऊन उभी राहिली. धरायला नव्हे, नुसतीच. खाली रस्त्यावर पहिली काठी पडल्याचा आवाज झाला.

“पोपट त्याचा नाव,” आवडाबाई म्हणाली. “पोपट पलाला नवता. पोपटला आमी मारला.”